डोंगरचढ शर्यतीची टर्बो गाडी आणि तिचे शीतकरण

चोर्ला किंवा अनमोड घाटात बॉनेट उघडून, वाफ ओकत उभी असलेली गाडी आपण सर्वांनी पाहिलेली असते. इंजिनावर भार पूर्ण, वेग मात्र कमी आणि त्यामुळे रेडिएटरला मिळणारा वारा अपुरा, असा चढणीचा पेच असतो. हाच पेच जाणूनबुजून पत्करणारा एक जुना क्रीडाप्रकार युरोप-अमेरिकेत रुजलेला आहे. त्याला ‘हिल क्लाइंब’, म्हणजेच डोंगरचढ शर्यत म्हणतात. बंद केलेल्या वळणदार चढावर एकेक गाडी स्वतंत्रपणे सोडली जाते आणि सर्वांत कमी वेळ नोंदवणारा विजयी ठरतो. या शर्यतीत कारखान्यांच्या गाड्यांबरोबरच घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या गाड्याही मोठ्या संख्येने उतरतात. अशा गाडीला टर्बोचार्जर बसवला की शक्ती वाढते, पण तिच्याबरोबर उष्णताही वाढते. त्या उष्णतेची व्यवस्था कशी लावायची, हा या लेखाचा विषय आहे.

दोन डोंगर, दोन प्रश्न

इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यातील शेल्सली वॉल्श येथे १९०५ पासून ही शर्यत होत आहे. तेथील मार्ग अवघा १००० यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटरचा आहे. अव्वल गाड्या तो २३ सेकंदांच्या आत पार करतात. सर्वसाधारण घरगुती गाडीला तीस ते चाळीस सेकंद पुरतात. ग्लॉस्टरशायरमधील प्रेस्कॉट येथे १९३८ पासून शर्यती होतात आणि तेथील मार्गही साधारण एक किलोमीटरचाच आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचा पाइक्स पीक आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या शर्यतीचा मार्ग सुमारे २० किलोमीटरचा असून त्यावर १५६ वळणे आहेत. प्रारंभ सुमारे २८६० मीटर उंचीवर होतो, तर शेवट ४३०० मीटरवर. २०१३ साली सेबास्तियाँ लोब याने दोन टर्बोंच्या प्यूजो गाडीतून हा चढ ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांत पार केला. तरीही हौशी स्पर्धकाच्या इंजिनाला तेथे दहा-बारा मिनिटे अखंड भार सोसावा लागतो.

गाडीचे शीतकरण ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा की आपला डोंगर यांपैकी कोणत्या जातीचा आहे. चाळीस सेकंदांच्या चढावर उष्णता साठवून ठेवता येते. दहा मिनिटांच्या चढावर मात्र ती निर्माण होईल तसतशी बाहेर टाकावीच लागते.

उष्णता येते कोठून

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन, आणि अधिक इंधन म्हणजे अधिक शक्ती. मात्र हवा दाबली की ती तापते. बाहेरचे तापमान २० अंश सेल्सिअस असताना हवा दुप्पट दाबावर नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ११२ अंशांची असते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब वाढवूनही अपेक्षित लाभ पदरात पडत नाही. शिवाय अशा हवेमुळे सिलिंडरमधील मिश्रण अवेळी स्फोट पावते. या ‘नॉकिंग’ने पिस्टनला भोके पडतात आणि हेड गॅस्केट जाते.

याखेरीज इंजिनाची नेहमीची उष्णता असतेच. ढोबळमानाने इंधनातील ऊर्जेचा एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला मुख्यतः शीतकाच्या पाण्यात व तेलात उतरतो. त्यामुळे शक्ती दुप्पट झाली की पाण्यावर पडणारा भारही जवळजवळ दुप्पट होतो. जुन्या गाडीचा मूळ रेडिएटर तसाच ठेवून टर्बो बसवणे ही म्हणूनच सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे.

इंटरकूलर : हवेचा की पाण्याचा

टर्बोतून निघालेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करणाऱ्या भागाला इंटरकूलर म्हणतात. वरच्या उदाहरणात ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर बसवला, तर ११२ अंशांची हवा सुमारे ४८ अंशांवर येते आणि तिची घनता साधारण २० टक्क्यांनी वाढते. त्यातून इंटरकूलरमध्ये होणारी दाबाची घट वजा करावी लागते. म्हणून केवळ मोठा इंटरकूलर घेणे पुरेसे नाही. त्याच्या आतील वाटा मोकळ्या असाव्यात आणि नळ्या आखूड, कमी वळणांच्या असाव्यात.

इंटरकूलर दोन प्रकारचे असतात. पहिल्यात समोरून येणारा वारा थेट गाभ्यातून जातो. तो हलका, साधा आणि निर्धोक असतो, पण वारा नसेल तर निरुपयोगी ठरतो. आणि डोंगरचढ शर्यतीत सुटण्याच्या क्षणी वारा शून्य असतो. रांगेत उभ्या गाडीचा इंटरकूलर रेडिएटरच्या व इंजिनाच्या उष्णतेने आधीच भाजून निघालेला असतो आणि चढाचे पहिले काही सेकंद गाडी गरम हवाच ओढते. चाळीस सेकंदांच्या शर्यतीत ही उणीव भरून काढण्यास वेळच उरत नाही.

दुसऱ्या प्रकारात हवेची उष्णता पाणी घेते. पाण्याची टाकी, विजेवर चालणारा छोटा पंप आणि गाभा अशी ही रचना असते. छोट्या चढासाठी टाकीत बर्फ टाकण्याची पद्धत आहे. तिच्यामागचे गणित पाहण्याजोगे आहे. ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाला मिनिटाला सुमारे १४ किलो हवा लागते. ती ११२ वरून ४८ अंशांवर आणण्यासाठी सेकंदाला सुमारे १५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. चाळीस सेकंदांत ती ६०० किलोज्यूल होते. टाकीत १० लिटर साधे पाणी असेल तर ते केवळ १४-१५ अंशांनी तापेल. त्यात २ किलो बर्फ असेल, तर तो वितळतानाच सुमारे ६६८ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे संपूर्ण चढ होईपर्यंत पाणी जवळजवळ थंडच राहते.

हाच हिशेब पाइक्स पीकला लावून पाहावा. दहा मिनिटांत ९००० किलोज्यूल काढायचे, तर २७ किलो बर्फ लागेल. एवढे ओझे घेऊन डोंगर चढण्यात अर्थ नाही. तेथे वाऱ्यावर चालणारा मोठा इंटरकूलर, किंवा पाण्याच्या इंटरकूलरला जोडलेला स्वतंत्र रेडिएटर, हाच मार्ग उरतो. छोट्या डोंगरावरही बर्फाच्या टाकीचे वजन विसरता येत नाही. पाणी, टाकी आणि पंप मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात. चारशे-पाचशे किलोंच्या हलक्या गाडीत हे वजन जाणवते.

रेडिएटर आणि वाऱ्याची वाट

घरगुती बांधणीत सर्वाधिक चुका रेडिएटरच्या निवडीत होत नाहीत, त्या रेडिएटरभोवतीच्या फटींत होतात. वारा नेहमी सोपी वाट धरतो. गाभ्याच्या कडेने जागा मिळाली की तो तेथूनच निसटतो आणि महागडा रेडिएटर नुसता शोभेचा उरतो. म्हणून तोंडापासून गाभ्यापर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बंदिस्त वाट करावी आणि कडा फोमने बुजवाव्यात. तोंड गाभ्याएवढे मोठे असण्याची गरज नसते. लहान तोंडातून शिरलेला वारा पसरत जाणाऱ्या वाटेत मंदावतो, त्याचा दाब वाढतो आणि तो गाभ्यातून सारखा जातो.

वारा आत येण्याइतकेच त्याचे बाहेर जाणेही महत्त्वाचे आहे. तापलेला वारा बॉनेटखाली कोंडला, तर नवा वारा आत येत नाही. बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे गाडी धावताना दाब कमी असतो, तेथे निकास ठेवल्यास वारा ओढला जातो. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी मात्र दाब जास्त असतो. तेथे निकास काढला तर वारा उलटा आत शिरतो.

विजेचा पंखा मुख्यतः रांगेत उभे असतानासाठी आहे. तो गाभ्याला चिकटवून न बसवता आवरणात बसवावा, म्हणजे संपूर्ण गाभ्यातून हवा ओढली जाईल.

झाकण, हवा आणि पाणी

रेडिएटरचे झाकण ही किरकोळ वस्तू नव्हे. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांवर उकळते. झाकणाने १ बार अधिक दाब धरून ठेवला, तर हा बिंदू सुमारे १२० अंशांवर जातो. ४३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असल्यामुळे उघडे पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते आणि तेच झाकण तेथे ११३ अंशांपर्यंतच साथ देते. उंच डोंगरावर सैल झालेले जुने झाकण इंजिनाचा घात करते ते असे.

नवी व्यवस्था भरताना पाण्यात अडकलेली हवा काढणे हे सर्वांत चिकाटीचे काम असते. घरी बांधलेल्या गाडीत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असू शकतो. अशा वेळी हवा सिलिंडर हेडमध्ये साचते आणि तापमापक काहीही सांगत असला तरी हेड कोरडेच तापते. उपाय साधा आहे. संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत उंच जागी एक लहान टाकी बसवावी आणि हेड व रेडिएटरच्या माथ्यापासून बारीक नळ्या तिच्यात आणाव्यात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. थंड इंजिनाने जोर लावला तर झीज वाढते. काही ठिकाणी रस्ता निसरडा होऊ नये म्हणून ग्लायकोलयुक्त शीतकास मनाई असते. तेथे शुद्ध पाण्यात गंजरोधक द्रव्य मिसळून वापरावे आणि हिवाळ्यात ते पाणी काढून ठेवण्यास विसरू नये.

तेल आणि टर्बो

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेलासाठी वेगळा कूलर लावावा, पण त्याबरोबर तेलाचा थर्मोस्टॅटही लावावा. छोट्या चढांवर तेल अती तापण्यापेक्षा पुरेसे न तापण्याचाच धोका अधिक असतो.

खरा धोका चढ संपल्यावर येतो. माथ्यावर पोहोचताच इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो, मात्र लालबुंद टर्बाइनची उष्णता दांड्याकडे सरकतच राहते. तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि बेअरिंग खराब होते. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवणे, पाण्याने थंड होणारा टर्बो निवडणे आणि बंद केल्यानंतरही काही वेळ चालणारा विजेचा पंप लावणे, हे त्यावरचे तीन उपाय आहेत. टर्बोजवळून जाणाऱ्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांना उष्णतारोधक पत्रा आवश्यक आहे. तापलेल्या भागावर तेलाची किंवा इंधनाची गळती झाली, तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही, चालकाच्या जिवाचा होतो.

उंचीचा हिशेब

१९१८ साली सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन पाइक्स पीकच्या माथ्यावर नेऊन तपासले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० च्या आसपास घसरले आणि टर्बो जोडताच ३५६ वर पोहोचले. टर्बो विरळ हवेवर मात करतो हे तेव्हाच सिद्ध झाले.

पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. माथ्यावर इंजिनाला तेवढाच दाब द्यायचा, तर हवा दुप्पट नव्हे, ३.३ पट दाबावी लागते. बाहेर ५ अंशांची थंडी असली तरी टर्बोतून निघणारी हवा सुमारे १६८ अंशांची होते. त्याच वेळी रेडिएटरमधून जाणारी हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच घनतेची असते. काम वाढते आणि साधन दुबळे होते. म्हणून मैदानात पुरेसा वाटणारा रेडिएटर डोंगरावर अपुरा ठरतो.

कामाचा क्रम

सुटे भाग घेण्यापूर्वी मोजमाप करावे. टर्बोनंतरची हवा, इंटरकूलरनंतरची हवा, हेडमधून निघणारे पाणी आणि तेल अशा चार ठिकाणी तापमापक बसवून एक-दोन चढांची नोंद घ्यावी. नंतर फटी बुजवाव्यात, झाकण आणि होज पाइप बदलावेत, अडकलेली हवा काढावी. अनेकदा दुखणे येथेच संपते. तरीही आकडे उतरले नाहीत, तरच मोठा रेडिएटर किंवा इंटरकूलर घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कोणाचा हे कळते. पाण्याची फवारणी किंवा पाणी-मिथेनॉलचे अंतःक्षेपण हे उपाय शेवटी आणि शर्यतीचे नियम पाहूनच योजावेत. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे ११० अंशांचे पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजून काढते.

आपल्याकडील हौशी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. असे काम बंदिस्त मार्गावरील शर्यतीच्या गाडीवरच करावे. घाटातला रस्ता सर्वांचा आहे. तेथे ही विद्या गाडी पळवण्यासाठी वापरू नये. उकळत्या रेडिएटरपाशी उभ्या असलेल्या वाटसरूला थोडा वेळ थांबण्याचा सल्ला देण्यासाठी मात्र ती जरूर वापरावी.