व्यायामासाठी हार्ट रेट मॉनिटर: कोणता घ्यावा, कसा वापरावा, कसा जपावा

इतवारीतली दुकानं उघडण्याआधी गांधीबाग उद्यानात चालायला येणाऱ्यांच्या मनगटाकडे एकदा नजर टाका. दहापैकी निम्म्या तरी हातांवर काळा रबरी पट्टा दिसेल. कुणाला डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलंय, कुणाला बीपीसाठी. पट्टा बहुतेक वेळा मुलाने किंवा जावयाने ऑनलाइन मागवून दिलेला असतो. १० ऑगस्ट २०२२ रोजी राजू श्रीवास्तव दिल्लीच्या जिममध्ये व्यायाम करताना कोसळले आणि २१ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. तेव्हापासून तर तरुण मुलांचे आईवडीलही "याच्या हातात काहीतरी बांधा" म्हणू लागले.

आम्ही शिक्षक असल्यामुळे इंग्रजी माहितीपत्रक घेऊन लोक आमच्याकडे येतात. प्रश्न ठरलेले असतात. आकडा खरा आहे का? १५० दाखवून राहिलं, घाबरायचं का? यात शुगरही दिसते म्हणे, खरं का? आणि वुजूच्या वेळी पाणी गेलं तर बिघडेल का? या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

यंत्र मोजतं तरी काय

नब्ज पाहणं आपल्या घरांना नवीन नाही. हकीमसाहेब मनगटावर बोटं ठेवून बसायचे, ते अनेकांनी पाहिलेलं आहे. इब्ने सिनाने नब्जवर फारसीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. हृदयातली वीज कागदावर उतरवण्याचं, म्हणजे ईसीजीचं तंत्र विलेम आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. खेळाडूंनी पळताना वापरावं असं बिनतारी यंत्र मात्र फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलं.

आज मिळणारी यंत्रं दोन रीतींनी काम करतात. छातीला बांधायचा पट्टा प्रत्येक ठोक्याची वीज पकडतो, म्हणजे ईसीजीचा धाकटा भाऊच. मनगटाचा बँड किंवा स्मार्टवॉच वीज पकडत नाही. त्याच्या पाठीला हिरवे दिवे असतात. हा उजेड त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि ठोक्यागणिक रक्त कमीजास्त झालं की परतणारा उजेडही कमीजास्त होतो. त्या चढउतारावरून घड्याळ ठोक्यांचा हिशेब करतं.

हा फरक लक्षात ठेवला की पुढच्या निम्म्या शंका मिटतात. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. थंडीत हात गार पडले की त्वचेतलं रक्त कमी होतं, तेव्हाही चुकतो. मनगटावर गोंदलेलं असेल तर शाई उजेड अडवते. आणि एक गंमत: भरभर चालताना हाताला जो हिसका बसतो, त्यालाच काही बँड ठोका समजतात. मिनिटाला १२० पावलं पडत असतील तर हृदयाचे ठोकेही १२० दाखवतात! घड्याळाचा आकडा आणि पावलांचा वेग सारखाच येत असेल, तर पट्टा थोडा वर सरकवून घट्ट करा आणि पुन्हा पाहा.

काही दुकानदार बँड टेबलावर ठेवून दाखवतात की बघा, इथे आकडा येत नाही, म्हणजे माल अस्सल. ही परीक्षा फार कामाची नाही. उजेड परत फेकणाऱ्या वस्तूवर, उदाहरणार्थ कागदाच्या गुंडाळीवर, चांगल्या कंपनीचा बँडही कधीकधी आकडा दाखवून जातो. खरी परीक्षा वेगळी आहे. दोन जिने चढून या, उभे राहा, अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नब्ज लागते), पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. घड्याळात चार-पाच ठोक्यांचा फरक असला तर चालेल. वीस-पंचवीसचा फरक वारंवार आला तर ते परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

कोणी कोणता घ्यावा

नुसतं चालायचं असेल तर मनगटाचा बँड पुरे. त्यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. हिशेब ठेवणारा साधा बँड दोन-तीन हजारांच्या आतबाहेर मिळतो. जो पळतो, सायकल चालवतो किंवा जिममध्ये एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असा व्यायाम करतो, त्याला मनगटाचा बँड मागे पडल्यासारखा वाटेल, कारण ठोके झपकन वाढले तरी बँड काही सेकंद उशिराने सांगतो. वजन उचलताना मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, तेव्हाही गडबड होते. अशांनी छातीचा पट्टा घ्यावा. ट्रेडमिलच्या दांड्यावरच्या पत्र्याला हात लावून जो आकडा दिसतो, त्यावर तर मुळीच विसंबू नये.

आमच्या बहिणींसाठी तिसरा पर्याय सांगावासा वाटतो: दंडाला बांधायचा पट्टा. तोही हिरव्या उजेडावरच चालतो, पण दंड मनगटाइतका हलत नाही, म्हणून आकडा जास्त स्थिर राहतो. कुर्त्याच्या बाहीखाली किंवा बुरख्याखाली तो दिसतही नाही. छातीचा पट्टाही कपड्यांच्या आत राहतो, मात्र काहींना तो काचतो. मनगटावरच बांधायचं असेल तर बांगड्या नसलेल्या हातात बांधा, नाहीतर बांगडी घड्याळावर आपटत राहते.

छातीचा पट्टा घेताना तो ब्लूटूथने आपल्या मोबाइलला जोडला जातो का, हे आधी पाहा. त्यातला सेल बदलता येतो का, हेही विचारा. बऱ्याच पट्ट्यांत सीआर २०२५ किंवा सीआर २०३२ हा नाण्यासारखा गोल सेल असतो आणि तो घड्याळवाल्याकडे सहज मिळतो. स्मार्टवॉच घेताना डब्यावर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा आणि पक्कं बिल मागा. सीताबर्डीच्या फुटपाथवर मोठ्या कंपनीचं नाव कोरलेलं घड्याळ पाचशेला मिळतं. वेळ पाहायला ठीक आहे.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी कोणतंही असं यंत्र, विशेषतः छातीचा पट्टा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये.

आकड्याचा अर्थ

मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना ठोके साधारण ६० ते १०० असतात. ते पाहायची उत्तम वेळ म्हणजे फजरला डोळा उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी. आठवडाभर रोज लिहून ठेवा. हा तुमचा स्वतःचा पाया. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका.

व्यायामाच्या वेळी किती असावेत? सगळ्यांना माहीत असलेलं गणित म्हणजे २२० वजा वय. ४५ वर्षांच्या माणसाचे जास्तीत जास्त ठोके १७५ धरले, तर मध्यम व्यायामासाठी त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे सुमारे ८८ ते १२३. दुसरं सूत्र २००१ मध्ये आलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. ६० वर्षांच्या माणसाला पहिलं सूत्र १६० देतं, दुसरं १६६. दोन्ही सरासरी आहेत; निरोगी माणसातही खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणून आम्ही चाचांना सांगतो, चालताना सोबत्याशी बोलता येतंय पण नात म्हणता येत नाहीये, तर वेग बरोबर आहे. घड्याळ आणि श्वास यांचं जमत नसेल तर श्वासाचं ऐका.

एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. बीपी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी चालू असेल, तर ती ठोके वाढूच देत नाही. असा माणूस दमून घामाघूम झाला तरी घड्याळ ९५ दाखवेल. सूत्राचा आकडा गाठायचा म्हणून त्याने आणखी जोर लावला तर ते धोक्याचं आहे. अब्बूंच्या गोळ्यांची पट्टी एकदा डॉक्टरांना दाखवा आणि "यांचे ठोके कितीपर्यंत जाऊ द्यायचे?" हे विचारून कागदावर लिहून घ्या.

नागपूरचा उन्हाळा हे वेगळंच प्रकरण. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तोच रस्ता, तोच वेग, पण उन्हात ठोके वाढलेले दिसतात, कारण अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं. पाणी कमी पडलं की आणखी वाढतात. एप्रिलनंतर सूर्य वर यायच्या आत चालणं संपवा आणि आकडा वर गेला की वेग कमी करा.

रमजानमध्ये असरनंतर चालणाऱ्यांनाही हेच दिसतं, कारण दिवसभर पाणी नसतं. मोकळं चालायचं असेल तर इफ्तारनंतर काही वेळाने चाला. तरावीहमधलं उठणं-बसणंही अंगाला हलवतंच. इथे शुगरचा प्रश्न येतो. सुई न टोचता शुगर दाखवणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकल्या जातात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन ठरवलं तर जीवावर बेतू शकतं. रोज्यात शुगर ग्लुकोमीटरनेच पाहा. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं सर्वसाधारण मत आहे. शंका असल्यास इमामसाहेबांना विचारा. मधुमेह आणि रमजानविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायला सांगितलं आहे.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर घड्याळ ८० दाखवो की १८०, त्याकडे पाहत बसू नका. इतवारीहून मेयो हॉस्पिटल जवळ आहे. तिथे ईसीजी निघतो. मनगटाच्या हिरव्या दिव्यातून हृदयविकाराचा झटका दिसत नाही.

निगा

बँड मनगटाच्या हाडावर बांधू नका. हाडापासून एक बोट वर, व्यायामाच्या वेळी घट्ट आणि एरवी सैल ठेवा.

वुजू करताना पाणी पट्ट्याखाली पोहोचायलाच हवं, म्हणून तो काढावा लागतो. ही चांगली सवयच आहे. पण ओल्या हातावर लगेच परत चढवला की पाणी, घाम आणि साबण आत अडकतात. लाल चट्टे आणि खाज येते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी हात पुसा, पट्ट्याची आतली बाजूही पुसा, मग बांधा. रात्री साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने मागची काच आणि चार्जिंगचे पितळी ठिपके पुसून घ्या. घाम सुकून तिथे मीठ बसतं आणि मग घड्याळ चार्ज होत नाही. लोक मात्र बॅटरी गेली म्हणतात. अत्तर मनगटावर लावायचं असेल तर दुसऱ्या हाताला लावा. अत्तराचा तेलकट थर काचेवर बसतो आणि उजेड अडवतो.

छातीचा पट्टा बांधण्याआधी त्याच्या आतले दोन्ही रबरी भाग पाण्याने ओले करा, कोरडे राहिले तर आकडा वेडावाकडा येतो. व्यायाम झाल्यावर पुढचं बटणाचं यंत्र काढून पट्टा कोमट पाण्यात खंगाळा. यंत्र लावलेलंच ठेवलं तर ओलाव्यामुळे सेल उतरत राहतो. चार-पाच वापरांनंतर सौम्य साबणाने धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारं लिक्विड नको, इस्त्रीही नको. सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात पट्टा दोन महिन्यांत लूळ पडतो. पट्टा जुना झाला की तो तेवढाच बदलता येतो, यंत्र तेच राहतं.

आणि तो नाण्यासारखा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, जुना झालेलाही नाही. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. मूल रडत नसलं, खेळत असलं तरी घरी वाट पाहू नका, उलटी करवू नका. सेलचं रिकामं पाकीट सोबत घ्या आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.