होक्यातली सुई कुणाकडे वळते

परवा रात्री ओट्यावर पितळी वाटीत पाणी घेतलं. एका जुन्या स्पीकरमधून काढून ठेवलेलं चुंबक घरात होतं. त्यावर शिवणाची सुई नेढ्याकडून टोकाकडे, एकाच दिशेनं, वीस-पंचवीस वेळा ओढली, मग वाळक्या पानाचा तुकडा पाण्यावर सोडून त्यावर ती आडवी ठेवली. पान थोडं गिरकलं, मागे-पुढे झालं आणि थांबलं. सुई दक्षिणोत्तर. बोटानं फिरवून सोडली तरी पुन्हा तिथेच.

मग तेच चुंबक हळूहळू जवळ आणलं. दोन हातांवर होतं तोवर सुईला त्याची दखलही नव्हती. हातभर अंतरावर ती किंचित कलली आणि वीतभर अंतरावर आल्यावर तर सरळ चुंबकाकडेच वळली. आणखी जवळ नेलं, तर पान तरंगत येऊन वाटीच्या कडेला चिकटलं. लहान चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनानं घटतो. अंतर दुप्पट केलं की तो आठपट कमी. म्हणून हा सगळा फरक दीड-दोन हातांच्या आत घडतो.

या खेळातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चुंबक दूर असताना पान जागच्या जागी वळलं, पण वाटीच्या उत्तरेकडच्या कडेला सरकलं नाही. पृथ्वी सुईला ओढत नाही, नुसती वळवते. पृथ्वीचं क्षेत्र वाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच, त्यामुळे सुईच्या एका टोकाला उत्तरेकडे जेवढा रेटा, तेवढाच दुसऱ्याला दक्षिणेकडे. हातातल्या चुंबकाचं तसं नाही. जवळच्या टोकावर त्याची ओढ जास्त, म्हणून सुई नुसती वळत नाही, धावतही येते. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन या होके, म्हणजे होकायंत्रं, बनवणाऱ्या कारागिरानं 1581 साली हा फरक प्रयोगानं दाखवला. मला तो होक्याच्या कुळकथेतला कळीचा मुद्दा वाटतो, कारण ओढणं माणसाला फार आधी कळलं होतं, वळणं मात्र पुष्कळ उशिरा.

आपल्याकडेही तसंच. चुंबकाला संस्कृतात अयस्कांत म्हणतात, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. कुमारसंभवात ब्रह्मदेव देवांना सांगतो की उमेच्या रूपानं शिवाचं मन ओढून घ्या, आणि उपमा देतो ती अयस्कांत आणि लोखंडाची. उपमा ओढण्याची आहे. दिशेचा तिथे मागमूस नाही.

वळण्याचे स्पष्ट जुने पुरावे चीनमधले आहेत. 1044 सालच्या एका लष्करी ग्रंथात पातळ लोखंडी पत्र्याचा मासा करायची कृती आहे: मासा लाल होईपर्यंत तापवायचा, शेपूट उत्तरेकडे धरायचं आणि तसाच पाण्यात बुडवायचा. इथे चुंबकदगड लागतच नाही. तापलेलं लोखंड निवताना पृथ्वीच्याच क्षेत्राची खूण अंगात धरून ठेवतं. 1088 च्या सुमारास शेन् कुओ या विद्वान अधिकाऱ्यानं सुई चुंबकावर घासून कोषातल्या नव्या रेशमाच्या एकेरी धाग्याला, मोहरीएवढ्या मेणानं मधोमध चिकटवून, वारा नसलेल्या जागी टांगायला सांगितलं. त्यानंच पुढे लिहिलं की सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे झुकते. मोहरीएवढं मेण वापरणाऱ्या माणसालाच एवढा बारीक फरक दिसणार.

आता आपला शब्द. वर्गात 'होकायंत्र' आलं की मुलं 'हो का?' म्हणत हसतात, पण या होक्याचा होकाराशी काही संबंध नाही. अरबीत 'हुक्का' म्हणजे लहान डबी. पंधराव्या शतकातला नामांकित अरब नौकानयनकार इब्न माजिद सुईच्या डबीला हेच नाव देतो. तंबाखूचा हुक्का याच शब्दाचा भाऊ. तिथे पाण्याचं भांडं, इथे सुईचं. बंदर, लंगर, नाखवा हे शब्द फारशीतून किनाऱ्यावर उतरले, त्याच वाटेनं होकाही आला. गुजरातीतही होकायंत्रच म्हणतात. 'यंत्र' हे शेपूट मागाहून जोडलेलं. नुसता 'होका' पुरेसा होता.

मोल्सवर्थच्या मराठी कोशात होकायंत्राला आणखी एक नाव दिलं आहे, मच्छयंत्र. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनं त्यावरून निष्कर्ष काढला की तेलाच्या भांड्यात तरंगणारा लोखंडी मासा हा प्राचीन हिंदू होका होता. ही गोष्ट पुढे पुष्कळ पुस्तकांत गेली. मला ती पटत नाही. एकोणिसाव्या शतकातला कोश त्या काळातल्या शब्दाची साक्ष देतो, हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूची नाही. माशाचा मात्र चांगला साक्षीदार आहे. बैलक अल्-किब्जाकी या अरबी लेखकानं 1282 साली लिहून ठेवलंय की भारताकडच्या समुद्रातले नाखवे पोकळ लोखंडी मासा पाण्यात सोडून दिशा पाहतात. चीनच्या कृतीतही मासाच आणि इथल्या शब्दातही मासाच. तो या समुद्रावर बंदरोबंदरी फिरला, एवढं नक्की. एका देशाच्या नावावर त्याची मालकी चढवण्यापेक्षा मला हे फिरणं मोठं वाटतं.

युरोपात 1269 च्या ऑगस्टमध्ये पेत्रुस पेरेग्रिनुसनं इटलीतल्या लुचेराच्या वेढ्यातून लिहिलेल्या पत्रात चुंबकाचे ध्रुव समजावले आणि आसावर फिरणाऱ्या सुईचा होका वर्णिला. 1600 साली विल्यम गिल्बर्टनं पृथ्वी हेच एक चुंबक आहे असं मांडलं. पण या दोघांच्या मधला एक माणूस आपल्या किनाऱ्यावर वावरला, आणि त्याची आपल्याकडे फारशी आठवण नाही याचं मला वाईट वाटतं.

जुवांव द कास्त्रो हा पोर्तुगीज कप्तान 1538 मध्ये लिस्बनहून गोव्याला निघाला. वाटेत तो सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते सतत मोजत होता. एकदा आकडे जुळेनात. शोधल्यावर कारण सापडलं: होक्याजवळ असलेली तोफ. सुई पृथ्वीबरोबर त्या तोफेचंही ऐकत होती. पुढे वसईजवळ आणखी विचित्र घडलं. थोड्याशा अंतरावर आकडे बदलू लागले. दोष त्यानं तिथल्या खडकांना दिला. सह्याद्रीचा काळा पत्थर हा ज्वालामुखीचा थिजलेला रस, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. चिनी मासा निवताना जसा चुंबक झाला, तसाच हा सगळा खडक निवताना झाला. कास्त्रोला हे कारण ठाऊक असणं शक्य नव्हतं, तरी बोट बरोबर जागेवर ठेवलं गेलं. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि 1548 मध्ये गोव्यातच वारला.

तिथून पुढे होक्याचा इतिहास मुख्यतः सुईला इतरांपासून सांभाळण्याचा. जहाजंच लोखंडाची झाली, तेव्हा 1838 मध्ये जॉर्ज एअरीनं होक्याजवळ चुंबकं आणि लोखंड ठेवून जहाजाचा प्रभाव खोडायची रीत काढली. त्याआधी 1820 मध्ये ओर्स्टेडला दिसलं होतं की तारेतून वीज वाहिली की शेजारची सुई हलते.

याच विजेमुळे अलिबागची वेधशाळा झाली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून टांगलेल्या चुंबकांवरून पृथ्वीच्या क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. एरवी तासातासानं, आणि गडबड दिसली की पाच-पाच मिनिटांनीही, माणूस डोळ्यांनी आकडा वाचून लिहून ठेवी. म्हणूनच 1859 च्या सप्टेंबरमधल्या, पृथ्वीचं क्षेत्र हलवून सोडणाऱ्या प्रचंड सौरवादळाची नोंद तिथे सापडते: क्षेत्राचा आडवा भाग सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (चुंबकी क्षेत्राचं हे माप) कोसळला होता. मुंबईचं एरवीचं आडवं क्षेत्र अडतीस हजारांच्या आसपास. म्हणजे वादळ शंभरातल्या चार हिश्श्यांचं. माझ्या वाटीतली सुई ढिम्म हलली नसती. कुलाब्याच्या चुंबकांनी ते टिपलं.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परतताना जमिनीत झिरपते, आणि मग चुंबकं सूर्याचं सांगतात की ट्रामचं, ते कळेनासं होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे, अलिबागला नवी जागा उभी केली. बांधकामात लोखंडाला मज्जाव. दारचा काळा पत्थरही नको, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. 1904 ते 1906 कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत म्हणून. ही दोन वर्षांची सबुरी मला मूस यांच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

ट्राम 1907 च्या मे महिन्यात धावू लागली आणि 1964 च्या मार्चअखेर बंद पडली. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत.