कर्करोग आणि घरचा जमाखर्च



वसंत व्याख्यानमालेत चैत्राच्या संध्याकाळी अशा रोगाचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. आपल्याकडे या रोगाचे नावदेखील कुणी मोठ्याने घेत नाही. ‘तो आजार’ म्हणतात आणि आवाज उतरतो. घरात लग्नाची मुलगी असली म्हणजे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळू देत नाहीत. ही लपवाछपवी केवळ आपलीच आहे, असे मात्र समजू नये. फ्रान्समध्ये रँस या शहरी झाँ गोदिनो नावाच्या धर्मोपदेशकाने 1740 साली कर्करोग्यांसाठी इस्पितळ काढले. खाटा अवघ्या बारा. पण रोग सांसर्गिक आहे अशी लोकांची समजूत. त्या भीतीपायी 1779 साली ते शहराबाहेर हलवावे लागले. कर्करोग शिवल्याने होत नाही हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. तरी रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवणारी घरे मी स्वतः पाहिली आहेत. असो.

आपल्याकडील हकीकत सुरू होते ती एका धनाढ्य घरात. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. उपचारासाठी विलायत गाठणे त्या घराला शक्य होते. तरीही 1931 साली वेल्समध्ये त्यांचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. तत्पूर्वी आपली संपत्ती त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केली होती. त्या निधीतून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. 28 फेब्रुवारी 1941 रोजी गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्याचे उद्घाटन केले. 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे गेले.

विलायत परळपर्यंत आली, ही गोष्ट लहान नव्हे. पण परभणीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला परळ हीच विलायत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कसे ते सांगतो. शस्त्रक्रिया एकदा होते. किरणोपचाराचे तसे नाही. तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा पाच ते सात आठवडे चालतो. यंत्राखाली पडून राहायचे ते दररोज काही मिनिटे. बाकीचा सारा दिवस आणि सारी रात्र रोग्याने कोठे काढावी? तो एकटा येत नाही. सोबत बायको, नाहीतर भाऊ. म्हणजे एका घरची दोन माणसे दीड महिना कामावाचून. गावी म्हैस शेजाऱ्याच्या भरवशावर, पोरे आजीकडे, पेरणीचे दिवस असले तर शेत पडीक. थोरल्या मुलीची शाळा सुटते ती बहुधा याच वेळी, आणि पुन्हा सुरू होत नाही. उपचार फुकट मिळाला तरी हा खर्च चुकत नाही. हॉस्पिटलालगतच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोमंतकीय घराण्यातला हा निष्णात शल्यविशारद परळलाच हयातभर राबला. त्याच परिसरातल्या पदपथांवर वळकट्या पसरून, स्टोव्ह मांडून बसलेली बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कर्करोगासाठी इस्पितळात राहण्याचा दर खेपेचा सरासरी वैद्यकीय खर्च 61 हजार रुपयांच्या घरात आढळला; सरकारी इस्पितळात 22 हजारांवर, खासगीत 93 हजारांवर. हा आकडा औषधोपचाराचा झाला. बुडालेली मजुरी आणि सावकाराचे व्याज त्यात धरलेले नाही. मुंबईत 1963 साली कर्करोग्यांची रीतसर नोंदवही सुरू झाली. रोग्याचे वय, राहण्याचे ठिकाण, रोगाचा अवयव हे सारे तीत सापडते. विकलेल्या बैलजोडीला तीत रकाना नाही.

धर्मशाळा हा शब्द आपण क्षेत्राच्या ठिकाणाशी जोडतो. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गाडगे महाराजांनी त्या बांधविल्या, त्या यात्रेकरूंसाठी. महाराज 1956 साली गेले. आज दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळला उपचार घेणारे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. महाराजांची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांच्या नावाचे हे काम देवळापेक्षा मोठे वाटते.

सरकारनेही काही केले नाही असे नाही. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढील वर्षी राज्यभर लागू झाली, आणि पुष्कळ घरांचे इस्पितळाचे बिल तिने भागवले. रेल्वेच्या तिकिटातही रोग्याला व सोबत्याला सवलत आहे. राहण्याजेवणाचे मात्र ज्याचे त्याने पाहायचे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो बार्शीचा प्रयोग. 1982 साली तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग इस्पितळ निघाले, आणि 1987 साली खेड्यांतील रोग्यांची नोंद सुरू झाली. पुढे 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वर्षांच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाहणीत घेतले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झाली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे 2009 साली प्रसिद्ध झाले. या तपासणीसाठी कुणा बाईला परळची वाट धरावी लागली नव्हती. कामकरी मंडळी तिच्या गावी गेली होती.