तगाईपासून भरपाईपर्यंत

खानापूर तालुक्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘तगाई’ हा शब्द अजून येतो आणि तो ऐकून आपल्याला सरकारी मदत आठवते. तगाई ही मदत नव्हती. ते कर्ज होते.

१८७६-७७च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. सरकारचा उपाय म्हणजे दुष्काळी कामावर जा, खडी फोडा, मजुरी घ्या. ती मजुरी इतकी तुटपुंजी, की पुण्याच्या सार्वजनिक सभेला तिच्याविरुद्ध अर्ज करावे लागले. पुढे दुष्काळ आयोग बसला. १८८३ साली जमीन सुधारण्यासाठी आणि १८८४ साली बी-बियाणे, बैल यांसाठी कर्ज देणारे कायदे झाले. कर्ज थकले की वसुली शेतसाऱ्याच्या बाकीसारखीच. दुसरी सवलत साऱ्याच्या तहकुबीची. पिकाची आणेवारी चार आण्यांपर्यंत घसरली तर त्या सालचा सारा पुढे ढकलायचा. १९१८चा खेडा सत्याग्रह याच आणेवारीवरून झाला. तेव्हा खेडाही मुंबई इलाख्यात आणि आपणही.

या दोन्ही सवलतींत सरकारचा व्यवहार खातेदाराशी. ज्याच्या नावे सारा त्याला तहकुबी, ज्याची जमीन तारण त्याला तगाई.

१९५६ साली राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली. ही रीत तशीच राहिली. तिला धक्का बसला तो १ मार्च १९७४ रोजी, कूळवहिवाट संपवणाऱ्या कर्नाटकच्या कायद्याने. त्यात काही घरांच्या जमिनी गेल्या, काहींच्या नावे लागल्या. दोन्ही बाजूंची घरे हे व्याख्यान वाचत असतील, म्हणून त्या जखमेवर जास्त बोलत नाही. पण त्याच कायद्याने पुढे शेत खंडाने देणेही बंद केले. कागदावर बंद. मुले बेळगाव, पुणे, गोव्याला नोकरीला. भाताचे शेत करतो गावातला वाटेकरी. रोप त्याचे, लावण त्याची, रानडुकरांची राखण त्याची. त्याचे नाव उताऱ्यात नाही आणि कायद्याने लागूही शकत नाही.

आता आजची भरपाई पाहा. ती परत करायची नसते आणि थेट बँकेच्या खात्यात पडते, हा मोठाच फरक. पूर्वी बारा आणे पीक बुडाल्यावर सरकारचे डोळे उघडत; २०१५पासून ३३ टक्के नुकसान पुरते. २०१९च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेने शेते धुऊन नेली तेव्हा केंद्राचा दर कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये होता, तोही दोन हेक्टरपर्यंतच. डिसेंबर २०२१मध्ये कर्नाटकाने तो दुप्पट, म्हणजे १३,६०० केला. तरी त्या दराने वीस गुंठ्यांचे झाले सुमारे २,७५० रुपये. लावणीच्या मजुरीशी ताडून पाहा.

आणि तेही उताऱ्यावरच्या नावाला. नाव जर वारलेल्या आजोबांचे असेल, भावाभावांत पोटहिस्सा पडला नसेल, तर पैसे अडतात. घरचा वारसा लावून घेणे आपल्या हातात आहे. तलाठ्याला दोष देत बसण्यापेक्षा ते आधी करावे. वाटेकऱ्याला मात्र असा कोणताच अर्ज करता येत नाही. त्याचे नुकसान पंचनाम्यात मोजले जाते, पण दुसऱ्याच्या नावे.

जमा झालेली रक्कम त्याला सगळी देणारी घरे माझ्या माहितीत आहेत. निम्मी देणारी आहेत. आणि ‘उतारा आमचा’ म्हणून गप्प बसणारीही आहेत.