मितुंबा आणि आर्थिक सार्वभौमत्व : पूर्व आफ्रिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युरोप-अमेरिकेत धर्मादाय संस्थांकडे जमा होणाऱ्या वापरलेल्या कपड्यांपैकी काहीच तेथील दुकानांत विकले जातात. उर्वरित कपड्यांपैकी बराचसा भाग व्यापारी वजनावर विकत घेतात व प्रतवारी करून गाठी परदेशी पाठवितात. पूर्व आफ्रिकेत या कपड्यांना स्वाहिली भाषेत 'मितुंबा', म्हणजे 'गाठी', असे म्हणतात. या व्यापाराचा स्थानिक वस्त्रोद्योगाशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
स्वातंत्र्यानंतर या देशांनी आयातीवर निर्बंध घालून कापडगिरण्यांना संरक्षण दिले. टांझानियात १९६८ मध्ये चीनच्या साहाय्याने 'उराफिकी' (मैत्री) ही गिरणी सुरू झाली. १९८० नंतर कर्जाच्या ओझ्याखाली, जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संरचनात्मक समायोजन कार्यक्रमानुसार बाजारपेठा खुल्या झाल्या. मितुंबा वाढला आणि अनेक गिरण्या बंद पडल्या. तथापि केवळ मितुंबालाच दोषी धरणे योग्य ठरणार नाही. जुनी यंत्रसामग्री, अनियमित वीजपुरवठा व आशियातील स्वस्त नवे कपडे हीदेखील महत्त्वाची कारणे होत.

२०१६ चा निर्णय व त्याचे परिणाम :
मार्च २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाने ही आयात तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. रवांडाने आयात शुल्क प्रतिकिलो ०.२० डॉलरवरून २.५० डॉलर केले. २०१७ मध्ये अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने आपल्या शासनाकडे तक्रार केली. २००० च्या 'अगोआ' कायद्याने मिळालेली शुल्कमुक्त निर्यातीची सवलत धोक्यात येताच केनिया, टांझानिया व युगांडा यांनी माघार घेतली. रवांडा ठाम राहिला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांची सवलत स्थगित केली.

निष्कर्ष :
नैरोबीच्या गिकोंबा बाजारातील विक्रेते, जुने कपडे मापात बसवून देणारे शिंपी व अल्प उत्पन्नाचे ग्राहक यांचे जीवन मितुंबावर अवलंबून आहे. त्यांना पर्याय न देता केलेली बंदी त्यांनाच प्रथम जाचते. शिवाय रवांडात निर्माण झालेल्या पोकळीत स्थानिक उत्पादनाबरोबर चीनमधील नव्या कपड्यांनाही वाव मिळाला. म्हणजेच केवळ शुल्कवाढीने उद्योग उभा राहत नाही. परंतु यामुळे मूळ प्रश्न गौण ठरत नाही. जी वस्तू देणाऱ्याने नकोशी झाली म्हणून दिली, ती नाकारल्याबद्दल घेणाऱ्यास दंड सोसावा लागत असेल, तर त्या व्यवहारास दान म्हणता येत नाही. आणि मुक्त व्यापार हे नावही त्यास शोभत नाही.