प्लेट नसलेला लेथ

बेळगावात नावाची प्लेट गेलेला कुठलाही जुना लेथ "किर्लोस्करचा" असतो. विकणारा तसं सांगतो आणि घेणाराही खूश होतो. उद्यमबागेतल्या भंगारातून मी साडेचार फुटी लेथ घेतला तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं. हेडस्टॉकवर रिवेटची चार भोकं तेवढी शिल्लक होती. बँकेतून रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, मी हे धूड शहापुरातल्या घरी आणलं. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं, दोन पाइप आणि अख्ख्या गल्लीचे सल्ले लागले.

तसं म्हणायचा हक्क ह्या गावाला आहे म्हणा. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून जे. जे. मधली चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. मग नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लेथसाठी गाजलेला हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना त्यानंतरचा, १९४१ चा. कारखाना गेला, तरी गावात रस्त्याला नाव राहिलं आणि भंगारवाल्यांच्या तोंडात ब्रँड राहिला.

प्लेट नाही म्हटल्यावर मी लोखंडच वाचायला घेतलं.

पहिली खूण स्पिंडलवर. तिथे पायऱ्या-पायऱ्यांची पुली आहे, चपट्या पट्ट्याची. म्हणजे हा लेथ मूळचा लाइन शाफ्टवरचा. शेडच्या आढ्याखालून एक लांब शाफ्ट जायचा, त्याला एकच इंजिन किंवा मोटर, आणि प्रत्येक मशीनवर वरून पट्टा उतरलेला. वेग बदलायचा तर पट्टा काठीने ढकलून दुसऱ्या पायरीवर घ्यायचा. ह्याच्या मागे मोटरसाठी अँगलचा स्टँड वेल्ड केलाय, आणि तो वेल्ड इतका ओबडधोबड आहे की शाफ्ट सोडून स्वतंत्र व्हायची मालकाला फार घाई झाली असावी.

दुसरी खूण बेडवर. टेलस्टॉक ज्या कडांवर सरकतो त्या कमी झिजतात, म्हणून तिथे बूड टेकवून डायल गेज फिरवला. चकाजवळच्या फूटभर भागात ०.१८ मिलिमीटरचा खड्डा, आणि शेवटच्या दीड फुटात झीज जवळजवळ नाहीच. म्हणजे लांब शाफ्ट ह्याने क्वचितच टर्न केले. जन्म गेला आखूड जॉबमध्ये. आपल्याकडे आखूड जॉब म्हणजे फाउंड्रीचं कास्टिंग. बिडाची काळी भुकटी आणि कास्टिंगला चिकटून आलेली वाळू तेलात मिसळली की ती घासायची पेस्टच होते. सॅडल ती पेस्ट रोज पुढेमागे फिरवतो. आमच्या गावाने काय बनवलं ते असं बेडवर लिहून राहतं.

तिसरी खूण रंगाखाली होती. गिअरच्या झाकणाच्या आत हिरवा, त्याखाली करडा आणि त्याखाली लाल ऑक्साइड. करडा थर निघाला तेव्हा छिन्नीने कोरलेले आकडे दिसले, मराठीत: १ ला २०, १॥ ला ३०, २ ला ४०, ३ ला ६०. खाली एकच १२७.

लेथवर बसणाऱ्याला १२७ दिसल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. ह्या लेथचा लीड स्क्रू इंची आहे, इंचाला चार आटे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट बरोबर १२७. म्हणून १२७ दातांचं गिअर बसवलं की इंची लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पडतात. दीड मिलिमीटरचा आटा हवा तर ३० ला १२७. कुणीतरी हा हिशोब पक्का करून ठेवला, बहुधा दशमान मापं शेडपर्यंत पोचली तेव्हा. त्याचा कायदा १९५६ चा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कचेऱ्यांतले कागद बदलले, झाकणाआडचे आकडे तसेच राहिले. ॲप्रनवरच्या भोकापाशी मात्र नंतरच्या कुणीतरी कन्नड अक्षरांत "एण्णे" कोरलंय, म्हणजे तेल. आटे मराठीत आणि तेल कानडीत. आमच्या शेडमध्ये बोलणं असंच चालतं.

आता प्रश्न होता काय काढायचं आणि काय ठेवायचं. बेड ग्राइंड करून सपाट करावा असं मला वाटत होतं. मदतीला आलेले मिस्त्री मामा पंचाहत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "सर, ग्राइंड केलासा की सॅडल खाली बसणार. मग लीड स्क्रूची लाइन गेली, ॲप्रन गेला. लेथपेक्षा बिल मोठं होतंय बघा." पुढचं मी कागदावर मांडलं. टूल सरळ ०.१८ खाली उतरलं तरी २५ मिलिमीटरच्या जॉबच्या व्यासात फरक तीन मायक्रॉनसुद्धा येत नाही. त्रास होतो तो व्ही एका अंगाने जास्त झिजून टूल आडवं सरकतं तेव्हा, आणि तेवढं माझ्या कामाला सोसतं.

बेड तसाच ठेवला. मामांनी क्रॉस स्लाइड घेतली. सरफेस प्लेटला निळा रंग पातळ लावायचा, स्लाइड त्यावर घासायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा हाताच्या स्क्रॅपरने खरवडायचा, परत घासायची. इंचभर चौकोनात दहा-बारा ठिपके सारखे पडेपर्यंत. अकरा दिवस लागले. मधे त्यांच्या नातवाला बोलावलं, पोरगा सीएनसीवर आहे. त्याने अर्धा तास बघितलं, "आज्जा, हात भारी हाय तुमचा," म्हणाला आणि शिफ्टला गेला. मी शिकतोय, पण एकसष्टाव्या वर्षी मनगट ऐकत नाही.

हेडस्टॉकच्या गनमेटल बेअरिंगमधले शिम कमी केले, क्रॉस स्लाइडचा नट नवा केला. दीडशे मिलिमीटर लांबीच्या जॉबवर टेपर आता चार शतांश मिलिमीटर येतो. झाकणाच्या आत रंग मारलेला नाही, नुसतं तेल.

त्या यादीतलं ४० चं गिअर दोन दात तुटलेलं निघालं, म्हणून दोनचा आटा अडलाय. १६ डी.पी., बोअर एक इंच, बिडाचं. उद्यमबागेत किंवा खानापूर रोडला कुणाच्या जुन्या शेडमध्ये असं पडलेलं असेल तर खाली लिहा. आणि झाकणाआड १२७ कोरायची सवय कुणाच्या वडिलांना, आजोबांना होती का, तेही.