सर्वकालीन भारतीय संघ, पहिला नियम आणि बाळू पालवणकर

१/ भारताचा सर्वकालीन संघ निवडणे हा क्रिकेटप्रेमींचा जुना छंद आहे. पाच-सहा जण जमतात, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि प्रत्येक जण आपल्या पाळीला एक खेळाडू उचलतो. एकाने गावस्कर घेतले की ते दुसऱ्याला मिळत नाहीत. तेंडुलकर, कपिल, कुंबळे पहिल्या काही फेऱ्यांतच संपतात आणि मग खरी डोकेफोड सुरू होते. या धाग्यात मात्र मला खेळाडूंइतकेच त्या खेळाच्या पहिल्या नियमाविषयी लिहायचे आहे.

२/ तो नियम बहुधा असा असतो: खेळाडूने भारताकडून किमान एक कसोटी सामना खेळलेला असावा. ऐकताना यात गैर काही वाटत नाही. पण भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर २५ जून १९३२ रोजी सुरू झाला. म्हणजे हा नियम स्वीकारताक्षणी आपण भारतीय क्रिकेटच्या इतिहासाची सुरुवात १९३२ मध्ये ठरवून मोकळे होतो. 'सर्वकालीन' या शब्दातला बराचसा काळ तिथेच गळून पडतो.

३/ वस्तुतः 'अखिल भारतीय' या नावाने निवडलेला पहिला संघ त्याच्या २१ वर्षे आधी, १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला होता. त्याच्या सर्वांत यशस्वी गोलंदाजाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर. त्या काळच्या धावफलकांवर त्यांचे नाव 'पी. बाळू' असे येते.

४/ पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण या गावाकडे बोट दाखवते. रत्नागिरीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असे '-कर' प्रत्ययाचे भूगोल सहज वाचता येतात. कोकणातील अनेक कष्टकरी कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब पोटासाठी घाटावर गेले. बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते, त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. कुटुंब चर्मकार समाजाचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपैकी.

५/ क्रिकेटच्या मैदानाशी बाळूंचा संबंध आला तो नोकर म्हणून. आधी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात झाडलोट आणि खेळपट्टीची निगा, मग युरोपियनांच्या पूना जिमखान्यात तेच काम. तिथे सरावाच्या वेळी गोऱ्या अधिकाऱ्यांना चेंडू टाकण्याची संधी मिळाली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्यातले नामवंत फलंदाज. त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करता करता बाळूंचा हात तयार झाला. फलंदाजी करण्याची मुभा मात्र त्या नोकरीत नव्हती.

६/ पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणही वेगळे बसून घ्यावे लागे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. ही विसंगती तेव्हा अनेकांच्या लक्षात आली. पुढे बाळूंच्या गौरवाच्या सभांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनी त्यांचा जाहीर सन्मान केला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

७/ प्लेगच्या काळात बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. बंगालच्या फाळणीनंतरचे ते स्वदेशीचे दिवस होते. मैदानावरील त्या विजयाला राजकीय अर्थ चिकटणे अटळ होते. सुधारकांनी तर त्यात जातिभेद बाजूला ठेवल्यास काय साधते, याचा पुरावा पाहिला.

८/ आता १९११ कडे येऊ. त्या संघाची निवड हीसुद्धा एक प्रकारे पाळीपाळीने खेळाडू उचलण्याचीच कथा आहे. शतकाच्या आरंभी असा संघ पाठवण्याचा एक प्रयत्न कोणत्या समाजाला किती जागा या वादात फसला होता. अखेर जो संघ ठरला त्यात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान होते. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंह. म्हणजे 'राष्ट्रीय' संघ पहिल्यांदा घडला तो समाजवार वाटपातून. त्यातही एक गोष्ट लक्षणीय आहे. त्या पाच हिंदूंपैकी दोघे, बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम, ज्या समाजाला देवळात प्रवेश नव्हता त्या समाजातले होते.

९/ दौऱ्याचा निकाल विदारक होता. २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव. महाराजा थोडेच सामने खेळले. राज्याभिषेकाच्या त्या वर्षी लंडनमध्ये त्यांना इतर व्यापही होते. त्यांच्यासोबत मिस्त्री यांच्यासारखा उत्तम फलंदाजही संघाला पुरेसा लाभला नाही. तरी लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांवर विजय मिळाले. लेस्टरच्या विजयात बाळूंची गोलंदाजी निर्णायक होती, तर टाँटनला शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. त्या दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंची अशी मोहोर आहे.

१०/ इथे एक रास्त आक्षेप येईल. शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना कशी करायची? तेव्हा खेळपट्ट्या उघड्या असत, भारतात बरेच सामने मॅटिंगवर होत, साहजिकच गोलंदाजांची सरासरी कमी दिसे. आक्षेप बरोबर आहे. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन काळांतील आकडे शेजारी ठेवू नयेत. एका काळातील माणसे शेजारी ठेवावीत.

११/ तसे करून पाहू. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. हे मॅटिंगचे श्रेय म्हणून कोणी बाजूला सारील. पण इंग्लंडमधील ११४ बळी हिरवळीच्या खेळपट्ट्यांवरचे होते. १९११ चा तो उन्हाळा इंग्लंडमध्ये उष्ण आणि कोरडा, म्हणजे फलंदाजांना मानवणारा होता. बाळूंनी पस्तिशी गाठली होती, संघ सतत हरत होता, समोर कौंटीचे व्यावसायिक फलंदाज होते. या परिस्थितीतही त्यांची सरासरी १९ च्या आसपास राहिली. त्यांच्या संघातील दुसऱ्या कोणाही गोलंदाजाला हे जमले नाही.

१२/ या कर्तृत्वाची पावती म्हणून त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला हवे होते. ते कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना डावलले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून माघार घेतली. वाद वाढल्यावर तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतले. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. क्रिकेटचा सामाजिक इतिहास शोधणाऱ्यांनी इंग्रजी ग्रंथांआधी या मराठी साधनाकडे वळावे.

१३/ १९३२ हे वर्ष पुन्हा पाहा. जूनमध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी. २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार. त्या करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. पाच वर्षांनी, १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. ज्या बाळूंच्या गौरवात तरुण आंबेडकरांनी उत्साहाने भाग घेतला होता, त्यांच्याशीच त्यांना लढावे लागले. दोघांनी दलितांच्या मुक्तीचे वेगवेगळे मार्ग धरले होते. यात एकाला खलनायक ठरवण्याचा मोह टाळावा.

१४/ आता संघाकडे. डावखुऱ्या फिरकीच्या जागेसाठी भारताकडे गर्दी आहे. विनू मांकड: ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी. बिशनसिंग बेदी: ६७ कसोटी, २६६ बळी. बेदींच्या काळात जन्मल्यामुळे कसोटीच्या दारातच अडलेले पद्माकर शिवलकर: प्रथम श्रेणीत ५८९ बळी. या रांगेत बाळूंना उभे करायचे तर सहानुभूतीच्या बळावर नको. त्यांच्या काळात त्यांना जात पाहून मागे ठेवले गेले; आज जात पाहूनच पुढे आणले तर त्यांच्या गोलंदाजीकडे दोन्ही वेळा दुर्लक्ष झाले, असे होईल.

१५/ म्हणून मी नियम बदलून मागतो. 'किमान एक कसोटी' ऐवजी 'अखिल भारतीय म्हणून निवडलेल्या कोणत्याही संघाकडून खेळलेला' असा नियम करा. तो सर्वांना सारखा लागू होईल. १९११ चा संघ आत येईल. १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा करणारे दि. ब. देवधर यांच्यासारख्यांविषयीही गंभीरपणे बोलता येईल. इंग्लंडकडून १५ कसोटी खेळलेले रणजितसिंहजी मात्र या नियमानेही बाहेरच राहतील, आणि ते योग्यच आहे. नियमाला स्वतःची किंमत असावी लागते.

१६/ या नियमाने माझी निवड अशी: मांकड अष्टपैलू म्हणून, बेदी पहिले फिरकी गोलंदाज म्हणून आणि बाळू बारावे. कसोटीच्या कसाला दीर्घकाळ उतरलेल्या बेदींना ३३ प्रथम श्रेणी सामन्यांच्या पुराव्यावर बाजूला सारणे मला पटत नाही. पण इंग्लंडचा दौरा असेल आणि दोन डावखुरे फिरकी गोलंदाज चालत असतील, तर मी बाळूंना अकरात घेईन. सतत हरणाऱ्या संघाचा भार त्या देशात एकट्याने वाहून दाखवलेला गोलंदाज दुसरा कोणता, हे ज्याला सुचेल त्याने जरूर सांगावे.

१७/ तुमच्या पुढच्या निवडीत बाळूंना घ्या किंवा घेऊ नका. फक्त पहिली चिठ्ठी उचलण्याआधी नियम मोठ्याने वाचा आणि त्या नियमाने कोण कोण बाहेर राहते, ते एका कागदावर लिहून काढा. त्या कागदावरची नावे घेऊन पुढचा धागा लिहिण्याचा विचार आहे.